जोडीदाराचा पासवर्ड

देवजांभ्याच्या एकशे बेचाळीस खातेदारांना मी पासवर्डवर अर्धा तास व्याख्यान दिलं आणि त्यांनी ते मान डोलावत ऐकून घेतलं. "आपला पासवर्ड आपल्यापाशी," मी म्हणाले, "नवऱ्याला सांगायचा नाही, बायकोला सांगायचा नाही आणि शेजाऱ्याला तर मुळीच नाही." शेवटच्या वाक्याला भलताच हशा पिकला. मला वाटलं, आपला विनोद जमला. स्वतःच्या विनोदाबद्दल माणसाचे फार गैरसमज असतात.

मी निलाक्षी वैशंपायन, नाशिकची. यंत्रांना लॉगिनची व्यवस्था लावून देणं हा माझा बावीस वर्षांचा धंदा. यंत्राच्या तोंडाशी एक राखणदार बसलेला असतो. तो येणाऱ्याला दोनच प्रश्न विचारतो, तू कोण आणि कशावरून? त्या राखणदाराला कुठल्या यादीत बघायचं, काय ताडून पाहायचं, कुणाला आत सोडायचं हे शिकवायचं काम माझं. काम कंटाळवाणं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. चोख बसलेला राखणदार कुणाच्या लक्षातही येत नाही.

२०४३ सालच्या हिवाळ्यात हे काम मला पांझरेकाठी घेऊन आलं. देवजांभ्याला नदीवर जुना दगडी बंधारा आहे, त्यातून पाट निघतो आणि पाटाखालच्या जमिनीचे चार भाग आहेत. त्या भागांना फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाण्याची पाळी सगळ्यांना सारखी, अशी इथली जुनी रीत. पूर्वी प्रत्येक शेताचं पाणी गावानं नेमलेला पाटकरी सोडायचा. शेवटचा पाटकरी निंबा थकून घरी बसला, तेव्हा त्याच्या जागी यायला कुणी तयार होईना. मग बारा वर्षांपूर्वी शेताशेताच्या तोंडाशी विजेवर चालणारी लोखंडी दारं बसली. घरोघर भिंतीला एक छोटं यंत्र आलं, त्याला कीबोर्ड. नाव आणि पासवर्ड टाकला की पाळीच्या वेळी शेताचं दार उघडतं. एरवीही रोज सकाळी एकदा आत शिरून "दार बंद आहे, ठीक" अशी नोंद करायची, म्हणजे गळती राहत नाही.

हे सगळं बारा वर्षं सुरळीत चाललं होतं. सुरळीत चाललेल्या गोष्टीत हात घालायला सरकारला एक निमित्त लागतं आणि ते लांबच्या एका तालुक्यानं पुरवलं. तिथं कुणीतरी अधिकाऱ्याचा हुबेहूब आवाज आणि चेहरा यंत्राकडून बनवून घेतला आणि भरल्या कालव्याची दारं भलत्या वेळी उघडली. आवाज आणि चेहरा यांच्यावर तोवर कुणाचाच भरवसा उरला नव्हता. मग नियम आला की पाण्याच्या प्रत्येक दारावर पासवर्ड हवा आणि त्याच्या जोडीला बोटांची चाल.

बोटांची चाल म्हणजे काय ते सांगते. पण त्याआधी पासवर्डाचं सांगायला हवं, कारण त्याबद्दल शिकल्यासवरल्या माणसांचाही गोंधळ असतो. यंत्राच्या यादीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, तुमचा पासवर्ड लिहिलेला नसतो. त्याचं पीठ ठेवलेलं असतं. ज्वारी दळली की पीठ होतं, पण पिठाची पुन्हा ज्वारी करता येत नाही. तुम्ही पासवर्ड टाकलात की राखणदार तो त्याच जात्यात दळतो आणि निघालेलं पीठ यादीतल्या पिठाशी जुळतं का एवढंच बघतो. दळताना प्रत्येक खात्यात वेगळं चिमूटभर मीठ पडतं, म्हणजे दोघांनी एकच शब्द ठेवला तरी पीठ निराळं निघतं. त्यामुळे उद्या कुणी सगळी यादी चोरून नेली तरी त्याच्या हाती पीठच लागेल. मूळ शब्द मलासुद्धा कळत नाही.

आता चाल. एकच शब्द दोन माणसं टाइप करतात, पण सारख्या तऱ्हेनं नाही. एक बटण किती वेळ दाबलं जातं, तिथून दुसऱ्यावर जायला बोट किती वेळ घेतं, कुठल्या अक्षराशी अडखळतं, हे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजलं की प्रत्येकाचं एक वळण दिसतं. हस्ताक्षरासारखंच. पंचवीस-तीस वेळा टाइप केलेलं पाहिलं की यंत्र ते शिकतं. मग शब्द बरोबर असला तरी हात परका असेल तर दार उघडत नाही. किती फरक चालवून घ्यायचा तो आकडा मी ठरवते. शंभरातले ब्याऐंशी गुण मिळाले तर पास, असा माझा नेहमीचा हिशेब.

त्यासाठी मी दीड महिना आधीच ही व्यवस्था मुक्यानं चालू करून ठेवली होती. ती कुणाला अडवत नव्हती, नुसती शिकत होती. आता फक्त प्रत्येकानं फडाच्या कचेरीत येऊन माझ्यासमोर एकदा पासवर्ड टाकायचा, की खातेदार आणि हात यांची गाठ पक्की. दोन दिवसांचं काम, तिसऱ्या दिवशी मी नाशिकला जेवायला.

पहिलं नाव होतं ठगुबाई दगाजी बोरसे. सत्तरीकडे झुकलेल्या, काटक, नऊवारीतल्या बाई. खुर्चीवर बसल्या, हात पदराखाली घेतले आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"टाका पासवर्ड," मी म्हणाले आणि सभ्यपणे तोंड फिरवलं.

बटणांचा आवाज येईना. मी वळून पाहिलं.

"आठवत नाही का, आजी?"

"आठवायला माहीत तर पाहिजे," त्या म्हणाल्या.

"पण रोज सकाळी तुमच्या खात्यावर नोंद होते. मी स्वतः पाहिली आहे."

"होते ना. होणारच."

मी त्यांना बाजूला बसवलं आणि पुढचं नाव घेतलं. त्या माणसालाही स्वतःचा पासवर्ड माहीत नव्हता. तिसऱ्याला नव्हता. चौथा तर मी काही अशिष्ट विचारल्यासारखा लाजला. दुपारपर्यंत एकवीस माणसं झाली आणि एकालाही स्वतःच्या शेताचं दार उघडता येईना, आणि तरी रोज सकाळी सगळ्यांच्या नोंदी वेळेवर. मी जेवण सोडून माझी व्यवस्था तपासत बसले. यादीचा पत्ता बरोबर, तक्ता बरोबर, नावाचा रकाना बरोबर, पिठाचा रकाना बरोबर. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला घाम फुटला.

शेवटी मी फडाच्या हवालदारांना गाठलं. हवालदार म्हणजे पोलीस नव्हे. फडाचा कारभार पाहणाऱ्याला इथं पूर्वीपासून हवालदार म्हणतात. पंडितराव देसले हे पंचावन्नचे, भरघोस मिशीचे गृहस्थ. मी अडचण सांगितली तर त्यांना अडचण कुठे आहे हेच कळेना.

"मॅडम, स्वतःच्या शेताचं पाणी स्वतः कसं सोडणार?"

"का? काय झालं सोडायला?"

"अहो, पंगतीत कुणी स्वतःच्या पानात स्वतः वाढून घेतं का?" पंडितरावांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "आपल्या शेताला पाणी देताना हात सैल सुटतो. दुसऱ्याच्या शेताला माणूस बेतानं देतो, मोजून देतो. म्हणून तर पाटकरी होता. तो गेला, मग आम्ही जोड्या लावल्या. बांधाला बांध लागून असेल त्याची जोडी. त्याचं दार मी उघडायचं, माझं त्यानं. पासवर्ड ठेवणाराही तोच. माझा पासवर्ड काय आहे ते मला विचारू नका, माझ्या जोडीदाराला, हिरामणला विचारा. पण तो सांगायचा नाही."

"आणि हे तुम्ही कुणाला कळवलं नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही. तुमचं भाषण मात्र आवडलं सगळ्यांना. शेजाऱ्याला सांगू नका म्हणालात ना, तेव्हा फार हसलो आम्ही."

म्हणजे माझी व्यवस्था दीड महिना इमानदारीनं शिकत होती आणि एकशे बेचाळीसच्या एकशे बेचाळीस खात्यांवर तिनं भलत्याच माणसाचा हात शिकून ठेवला होता. कागदावर पाहिलं तर या गावातलं एकूण एक खातं चोरीला गेलेलं होतं, आणि बारा वर्षांत पाण्याचा एक थेंब इकडचा तिकडे झाला नव्हता. मी आणि माझा नवरा एकवीस वर्षं एका छपराखाली राहतो आणि एकमेकांचे पासवर्ड आम्हाला ठाऊक नाहीत. त्याला आम्ही विश्वास म्हणतो. इथं स्वतःचाच ठाऊक नव्हता, आणि तेही त्याला विश्वासच म्हणत होते.

नियमाप्रमाणे माझ्यापुढे सरळ रस्ता होता. सगळे पासवर्ड रद्द करायचे, प्रत्येकाला स्वतःचा नवा द्यायचा, स्वतःचा हात शिकवायचा. पंडितराव म्हणाले, "सरकारचं असेल तर करू. पण मग पाळीवर भांडणं होतील, ती मिटवायला तुम्ही या नाशिकहून."

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आत ठगुबाई दारात उभ्या. आत आल्या, दार लोटलं आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "बाई, प्रत्येकाला आपला आपला पासवर्ड देणार म्हणतात. खरं का?"

"नियम तसा आहे, आजी."

"मला नको." त्या आपल्या बोलीवर आल्या, "मना पासवर्ड माले नको."

मी त्यांना बसवलं. टाइप करायला शिकवीन, सोपं असतं, असं काहीबाही म्हणाले.

"येतं मला. बारा वर्षं झिपरूच्या शेताचं दार मीच उघडते." त्या खाली बघत बोलत होत्या. "झिपरू माझा धाकटा दीर. माझं दार तो उघडतो. नऊ वर्षं झाली, आम्ही बोलत नाही. माझे मालक गेले, त्यांचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं आणि यानं बांधावरचा लिंब तोडला. मालकांनी हातानं लावलेला. सावली पडते म्हणे याच्या पिकावर. विचारलंसुद्धा नाही मला. तेव्हापासून मी तोंड बंद केलं ते केलं. तोही हट्टाचा. त्याच्या नातवाच्या बारशाला मी गेले नाही, माझ्या मुलीच्या लग्नात तो मांडवाबाहेरून अक्षता टाकून गेला."

"मग सुटाल की तुम्ही. त्याच्यावर कशाला अवलंबून राहायचं?"

"त्याच्याकडून नऊ वर्षांत एक दिवस चुकला नाही, बाई. मी रोज सकाळी पाटावर जाते. दाराचा हिरवा दिवा एकदा लुकलुकतो, नोंद झाली म्हणून. मग मला कळतं, झिपरू उठला, चहा झाला, बरा आहे. त्यालाही माझं तसंच कळत असेल." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तेवढंच उरलं आहे आमच्यात. ते तुम्ही काढून घेतलं तर मग काहीच नाही राहणार. त्याला मात्र सांगू नका मी आले होते ते."

त्या गेल्यावर मी नियमाचा कागद पुन्हा वाचला. धंद्यातली एक खोड मला आहे, मी अटी शब्द न् शब्द वाचते. नियमात कुठेही "मालक" नव्हता. तिथं होतं, "त्या दारासाठी अधिकृत केलेली व्यक्ती." मी मोठ्यानं हसले असणार, कारण पंडितराव बाहेरून डोकावले.

काम म्हटलं तर एका तक्त्याचं होतं. माझा राखणदार आजवर एकाच तक्त्यात बघत असे, खातेदाराचं नाव, त्याचं पीठ, त्याची चाल. मी आणखी एक तक्ता जोडला, कुठल्या शेतावर कुणाचा हात. आता राखणदार आधी शेत बघणार, मग त्या शेताचा अधिकृत हात कुणाचा ते बघणार, मग पीठ आणि चाल. वर एक ओळ मी माझ्या पदरची घातली. मालक आणि हात एकच निघाले तर दार उघडायचं नाही. देवजांभ्याची रीत पहिल्यांदाच यंत्राच्या भाषेत लिहिली गेली, आणि खरं सांगायचं तर मी शहरात बसवलेल्या कितीतरी व्यवस्थांपेक्षा ती पक्की होती. एकट्या माणसाला फूस लावून किंवा धमकावून इथं काही साधणार नव्हतं.

पंडितरावांनी गावसभेची मंजुरी दुपारपर्यंत आणली. तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळे आले, या वेळी जोडीदाराच्या खात्यावर बसायला. काय सुरेख दिवस होता तो! एकामागून एक माणसं बसत होती, बोटं चालत होती आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत "जुळले" उमटत होतं. कुणाला ब्याण्णव, कुणाला शहाण्णव. ठगुबाईंनी दिराच्या खात्यावर सत्त्याण्णव गुण मिळवले आणि शाळेत नंबर आल्यासारख्या उठल्या. संध्याकाळी पाचपर्यंत एकशे एक्केचाळीस हात जुळले.

शेवटी आले झिपरू आप्पा. उंच, वाकलेले, पांढरी टोपी, उजवा हात बंडीच्या खिशात. त्यांनी पासवर्ड टाकला. शब्द बरोबर होता. चाल एक्केचाळीस. पुन्हा टाकला. एकोणचाळीस. पडद्यावर लाल अक्षरांत "हात ओळखीचा नाही" आलं. आप्पांनी ते दोनदा वाचलं, टोपी सारखी केली आणि निघून गेले.

मी नोंदी उघडल्या. पहिले तीस-बत्तीस दिवस ठगुबाईंच्या खात्यावर एकच ठाम, जलद चाल होती. मग एका दिवशी ती अडखळली. दुसऱ्या दिवशी आणखी. गेले दहा दिवस तर सगळी बटणं डावीकडून, एकेका बोटानं, शोधत शोधत दाबलेली होती. माणूस तोच होता. हात बदलला होता.

दुसऱ्या दिवशी ठगुबाईंच्या फडाची पाळी होती. गहू दाण्यात आला होता आणि ही पाळी चुकली तर दाणा पोचट राहणार, हे मला पंडितरावांनी सांगितलं. मी सकाळीच आप्पांच्या शेतावर गेले. ते बांधावर बसले होते. मला बघून उजवा हात पुन्हा खिशात गेला.

"आप्पा, हाताला काय झालंय?"

"कुठं काय?"

"गेल्या दहा दिवसांपासून तुम्ही डाव्या हातानं टाइप करताय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझीच मला लाज वाटली. कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं ते झालं होतं. मग त्यांनी हात बाहेर काढला. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर, कप धरता येत नाही, रात्री मुंग्या येतात. (मनगटातली नस दबली होती. पुढे धुळ्याच्या डॉक्टरांनी लहानशी शस्त्रक्रिया करून ती सोडवली. पण त्या सकाळी आप्पांना ते अर्धांगाचं सुरुवातीचं लक्षण वाटत होतं. त्यांचे वडील त्यातच गेले होते.)

"घरी सांगितलंत?"

"नाही. सांगितलं की गावभर होणार. मग पंडित म्हणणार, आप्पा थकले, जोडी बदला. वहिनी दुसरा माणूस मागून घेईल." त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, ते तुमचं गुणांचं आहे ना, ते थोडं ढिलं करा. एकट्या माझ्यापुरतं. नऊ वर्षांत एवढी एकच गोष्ट मी तिची नीट केली आहे. लिंब तोडला तो तोडलाच. तो काही परत उभा राहत नाही. पण पाणी मी तिला एकदाही कमी पडू दिलं नाही. आणि वहिनीला यातलं काही सांगू नका."

मी कचेरीत परतले आणि एक गोष्ट केली जी मी कधी करत नाही. त्या खात्याचा आकडा ब्याऐंशीवरून चाळिसावर आणला, नुसता करून बघायला. आप्पांचा शब्द मला ठाऊक नव्हता, म्हणून चाचणीपुरता एक साधा शब्द लावून आप्पांच्या जागी मी बसले, मग पंडितरावांना बसवलं. दोघांनाही राखणदारानं खुशाल आत घेतलं. मी आकडा मुकाट्यानं पुन्हा ब्याऐंशी केला. ढिलं केलेलं दार एकट्या आप्पांसाठी ढिलं होणार नव्हतं, आणि ते होतं ठगुबाईंच्या गव्हाचं.

मग मी काय करावं? एकीनं सांगितलं होतं त्याला कळू देऊ नका, दुसऱ्यानं सांगितलं होतं तिला कळू देऊ नका, आणि दोघं एकच मागत होते. गुपित सांभाळण्याचीच मी भाकरी खाते. मला एक शब्द बोलायचा नव्हता. पण अपघातात हात मोडला, बोट कापलं, अशा वेळेसाठी व्यवस्थेत एक सोय असतेच. हात नव्यानं शिकवता येतो. त्यासाठी एका बैठकीत बारा वेळाही पुरतात, तेवढ्या वेळा पासवर्ड टाकायचा आणि ज्याचं खातं आहे त्यानं समोर बसून "मान्य" हे बटण दाबायचं. ही अट मी घातलेली नव्हती, पण त्या दिवशी मला ती फार आवडली. मी पंडितरावांकडून दोघांना निरोप धाडले. निरोपात एवढंच होतं, अकरा वाजता कचेरीत या, पाळीचं काम आहे.

अकराला दोघं आले. दोन खुर्च्या होत्या, त्या मी मुद्दाम जवळ ठेवल्या होत्या. त्यांनी त्या न हलवता अंग चोरून मधे वीतभर जागा केली. मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात सांगितलं, "आप्पांच्या बोटांची चाल बदलली आहे, ती नव्यानं नोंदायची आहे. आप्पा बारा वेळा पासवर्ड टाकतील. ठगुबाई, तुम्हाला हा हात मान्य असेल तर शेवटी हे हिरवं बटण दाबा. मान्य नसेल तर जोडी बदलून मिळेल."

ठगुबाईंनी बटणाकडे पाहिलं. आप्पांनी डावा हात पुढे केला. उजवा खिशातच होता. ठगुबाईंची नजर त्या खिशावर गेली आणि तिथंच राहिली. आप्पांचं बोट पहिल्या बटणावर टेकलं होतं, ते दबेना.

"हात दखाड," ठगुबाई म्हणाल्या.

पंडितराव दारात उभे होते, त्यांच्या हातातला कागद खाली पडला.

आप्पांनी हात काढला नाही. ठगुबाईंनी वाकून तो स्वतःच खिशातून बाहेर ओढला, आपल्या मांडीवर घेतला, बोटं एकेक दाबून पाहिली.

"हाई किती दिन व्हयनात?"

"व्हयनात पंधरा-वीस."

"डाक्टरले दखाडं का नही?"

आप्पांनी डाव्या हातानं टोपी सारखी केली.

"माले सांगता नही येत व्हतं का तुले? मी काय मरी गयी व्हती?"

"कोनले सांगू?" आप्पांचा आवाज एकदम चढला आणि मधेच चिरकला. "तू बोलस का?"

ठगुबाई त्यांची बधिर बोटं चोळत राहिल्या, जोरजोरात, रागावल्यासारख्या. पडद्यावर नोंदणीची मुदत संपली आणि खिडकी बंद झाली. मी ती पुन्हा उघडली. पुन्हा संपली, पुन्हा उघडली. मला काहीतरी काम हवंच होतं.

"मॅडम," शेवटी ठगुबाई माझ्याकडे वळल्या, "हे राहू द्या. आधी मी याला धुळ्याला घेऊन जाते."

"आजची पाळी जाईल, मावशी," पंडितराव म्हणाले. "गहू दाण्यात आहे."

"जाऊ दे गेली तर."

"नही," आप्पा म्हणाले. "पाणी आधी." आणि त्यांनी डावा हात पुन्हा बटणांवर नेला.

ठगुबाईंनी लगेच मान फिरवली आणि समोरच्या भिंतीकडे बघू लागल्या. आपल्या शेताचा पासवर्ड आपण बघायचा नाही. भिंतीवर जुन्या पंचायतीचं एक कॅलेंडर होतं, त्याच्यावर त्यांनी नजर लावली. आप्पा एकेक अक्षर शोधत होते, चुकत होते, पुन्हा सुरुवात करत होते. बारा वेळा टाकायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. त्या पंधरा मिनिटांत ठगुबाईंनी एकदाही मान वळवली नाही, आणि मांडीवरचा आप्पांचा उजवा हात एकदाही सोडला नाही.